विहीर उपसा म्हणालो तो मीच

बाय,

तुझ्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. किशोरने पिंड ठेवले, मागे सरला, हात जोडून "आई, घरचं सगळं नीट बघीन, घोर करू नको" एवढंच म्हणाला, आणि समोरच्या करंजावरून कावळा खाली उतरला. भटजी म्हणाले, समाधानाने गेल्या. बाया डोळे पुसता पुसता माना हलवायला लागल्या. नदीवर आलेल्या सगळ्यांना बरं वाटलं. मला नाही वाटलं.

मी तयारीने आलो होतो. शहापूरहून एसटीत बसल्यापासून मनात वाक्यं जुळवत होतो. कावळा अडणार, याची मला खात्री होती. कावळा अडला की आपल्याकडे एकेक जण पुढे होतो आणि गेलेल्या माणसाचं काय राहिलं असेल ते अंदाजाने कबूल करतो. कोणी भावाशी बोलेन म्हणतं, कोणी जमीन विकणार नाही म्हणतं. मी ठरवलं होतं, सगळ्यांचं कबूल करून होईल, ऊन चढेल, लोक कंटाळतील, मग मी पुढे होईन आणि सगळ्यांच्या देखत बोलेन. तेवढं धैर्य मला तू अडून बसल्याशिवाय येणार नव्हतं.

तू अडली नाहीस. शाळेतून येताना सापगावच्या पुलावर दप्तर सांभाळत माझ्यासाठी, धाकट्या भावासाठी थांबायचीस, मी मागे राहून नदीत दगड मारत असायचो. लग्न होऊन मुरबाडकडे गेलीस तरी जेवायला थांबायचीस. मी येणार म्हटलं की भाकरी तव्यावर ठेवून वाटेकडे बघायचीस. नेमकी त्या दिवशी थांबली नाहीस. मी तोंड उघडायच्या आत सगळं उरकलं. लोकांनी चहा घेतला, मी एसटी धरून घरी आलो. काही न बोलता, नेहमीसारखा.

म्हणून आता लिहितो. बोलायला मला कधीच जमलं नाही, तुला माहीत आहे. "आमचा दत्ता म्हंजे बंद पेटी," असं तू माझ्या लग्नात माझ्या सासूला सांगितलं होतंस. तिला वाटलं कौतुक आहे.

माझं काम काय, हे तुला कधीच कळलं नाही असं तू दाखवायचीस. पेट्रोलपंपावर जमिनीखाली टाक्या असतात. त्या गळल्या तर वरून कोणाला दिसत नाही. म्हणून आवाराच्या कडेला बारीक पाइप खोल पुरलेले असतात, झाकणाचे. मी ठरलेल्या मुदतीने जातो, झाकण उघडतो, टेप खाली सोडतो. पाणी लागलं की टेप तुटक वाजते. पाइपात साचलेलं जुनं पाणी आधी उपसून टाकायचं, जमिनीतलं ताजं आत येऊ द्यायचं, मग काचेच्या कुपीत नमुना भरायचा. आत हवेचा बुडबुडाही राहू द्यायचा नाही. बर्फाच्या पेटीत ठेवून प्रयोगशाळेत पाठवायचं. हे सगळं मी तुला एकदा ओटीवर बसून सांगितलं होतं. तू वाल सोलत होतीस.

"आन् मंग?" तू विचारलंस.

"मग रिपोर्ट येतो."

"आन् मंग?"

"मग पुढच्या वेळी परत जायचं."

तू वालाचं टरफल माझ्या अंगावर टाकलंस. "म्हंजे शेजारच्याचं घर जळतंय आन् तू धूर मोजतोस."

सगळे हसले. मीही हसलो. त्या ओटीवर तेव्हा वाडीतली सोनीही होती, पायरीवर टेकून, तुझ्याबरोबर वाल सोलत. ती सगळ्यांत जास्त हसली.

सोनीबद्दल लिहायला मला तुझी परवानगी लागेल असं वाटतंय. गावाबाहेरच्या वाडीतल्या बाया उन्हाळ्यात तुझ्या विहिरीवर पाणी भरायच्या, हे तू उपकार म्हणून कधी सांगितलं नाहीस. ती विहीर खणताना कातळ फोडायला भावोजींबरोबर सोनीचा बाप होता. तिचा बाप आणि भावोजी, दोघांच्या हातांना सारखे घट्टे पडले होते, असं तू म्हणायचीस. वाडीची विहीर शिमग्याला तळ दाखवायची, तुझी कधी आटली नाही. सोनी सकाळी पहिला हंडा भरायची, आणि हंडा डोक्यावर असताना तुझ्याशी जेवढं बोलायची तेवढं मी बसूनही कोणाशी बोललो नाही.

किशोरला पंपावर नोकरी मीच लावली. तुझ्या शेताच्या वरच्या अंगाला, म्हसा गावाकडच्या रस्त्यावर तो पंप झाला तेव्हापासून तिथल्या पाइपांचं काम माझ्याकडे होतं. मालकाच्या माणसाशी ओळख झाली, शब्द टाकला. किशोर गणवेश घालून पहिल्या दिवशी निघाला तेव्हा तू त्याची दृष्ट काढलीस. संध्याकाळी तो आला तेव्हा नाकाला पदर लावलास. "कपडे भायेर काढ रं, घरात काडी ओढायची भीती वाटते." त्याचे कपडे तू सगळ्यांपासून लांब, विहिरीकडच्या करवंदीवर वाळत घालायला लागलीस. घरात पेट्रोलचा वास म्हणजे किशोर घरी आला, असं पोरांनाही कळायला लागलं.

म्हणून तो दुसरा वास तुला कळला नाही. कसा कळणार?

सोनीला कळला. ती हंडा विहिरीच्या पाळीवर ठेवून म्हणाली, "बाय, पानी वासतंय गो."

तू म्हणालीस, "किशोरचे कपडे वाळतायत तिथं."

"कपडे पान्यात पडलेत काय?"

हे तू मला फोनवर हसत हसत सांगितलंस. मी हसलो नाही. मी विचारलं, "कधीपासून?" तू म्हणालीस, "अरे, गंमत सांगतेय मी, तू काय पोलिसासारखा विचारतोस."

बाय, मला तेव्हा माहीत होतं. तुझा फोन यायच्या बऱ्याच आधी, तुझ्या शेताकडच्या पाइपात टेप सोडली तेव्हा ती तुटक वाजली नाही. एकसारखी वाजली. पाण्यावर पेट्रोल तरंगत असलं की ती तशी वाजते. नळीत पाणी वर काढून उजेडात धरलं, तर वर पातळ पिवळसर थर. मी ते मालकाच्या माणसाला रीतसर कळवलं. "बघतो," असं उत्तर आलं. रिपोर्ट ज्याने मागवला त्याचा, बाहेर बोलायचं नाही, असा आमच्या धंद्यात शिरस्ता आहे. मी मनाची समजूत घातली की आपली जमीन कातळाची, पाणी भेगांतून जातं, भेग कुठे जाते ते कोणाला माहीत. कदाचित तुझ्याकडे येणारही नाही. हे खरंही होतं. खरं होतं म्हणूनच त्याच्या आड लपायला सोपं गेलं.

मग डाळीला वास यायला लागला. भाताला यायला लागला. आता गावानेही वास घेतला. आणि कोणीतरी आठवण काढली की सोनीच्या नवऱ्याने, मंगळूने, विहिरीच्या पाळीशेजारी मोटारसायकल धुतली होती. धुतली होती हे खरंच. मंगळू त्या वर्षी वीटभट्टीवर गेला नव्हता. मुरबाडच्या कारखान्यात रोजावर लागला होता आणि येण्याजाण्यासाठी जुनी गाडी घेतली होती. वाडीतली पहिली गाडी. त्याने ती एकदा तिथे धुतली, तू त्याला ओरडलीस, त्याने कान पकडले, विषय संपला होता. आता तो उकरून निघाला. गाडी धुतल्याने विहीर अशी नासत नाही, हे मला कळत होतं.

गावातली म्हातारी माणसं म्हणाली, विहीर उपसून काढा. नासलेल्या विहिरीला आपल्याकडे दुसरा उपाय कोणाला माहीत आहे? कुत्रं पडलं, शेळी पडली, माणूस पडला, की उपसा करायचा, तळ धुवायचा, नारळ फोडायचा, झरे नवं पाणी देतात. पिढ्यान् पिढ्या हेच केलं आणि पिढ्यान् पिढ्या पाणी निवळलं.

तू मला बोलावून घेतलंस. "आमच्या दत्ताला ईचारू, तो पान्यातलाच माणूस हाय." मी आलो तेव्हा पाणी उपसायला डिझेलवरचा पंप आणून ठेवला होता. सगळे पाळीभोवती उभे होते आणि माझ्या तोंडाकडे बघत होते. मंगळूही होता, जरा लांब. सोनी तुझ्या शेजारी.

आणि तू काय म्हणालीस ते आठवतं? "दत्ता, आपल्या सापगावच्या विहिरीचा उपसा आठवतो का रे?"

आठवत होता. बाबांची शेळी विहिरीत पडली होती. पाणी उपसत गेलं तशी विहीर खोल खोल होत गेली, आणि तळ लागल्यावर तू मला हाताला धरून पायऱ्यांनी खाली नेलंस. वरून कधी दिसली नव्हती अशी ती जागा. गार चिखल, झऱ्यांचा बारीक आवाज, आणि चिखलात वर्षानुवर्षं पडलेल्या वस्तू. कोणाचा लोटा, कोणाची फुटकी बादली, आईचा हरवलेला पितळी गडवा. गळ टाकूनही जो सापडला नव्हता तो तू पायाच्या बोटांनी शोधलास. मी वर बघितलं तर आभाळ थाळीएवढं होतं. मला भीती वाटली, तर तू म्हणालीस, "मी हाय ना." मी तुझा हात सोडला नाही.

ते आठवत असताना मी पाळीवर उभा होतो आणि मला हेही कळत होतं की विहीर उपसली तर आजूबाजूच्या जमिनीतलं पाणी तिच्याकडे ओढलं जाणार. वरच्या अंगाने, पेट्रोलपंपाच्या बाजूने जास्त. जे अजून वाटेत होतं, कदाचित अर्ध्या वाटेत थांबलं असतं, ते मी हाताने ओढून आणल्यासारखं होणार. पाइपांतून नमुना घेताना मी रोज हेच तर करतो. आधी उपसतो, म्हणजे जमिनीतलं खरं पाणी आत येतं. उपसू नका, असं म्हणायला फक्त दोन शब्द लागले असते. पण पुढचा प्रश्न "का?" असा आला असता. आणि "का"चं उत्तर पेट्रोलपंप होता, आणि पंपावर किशोर होता, आणि माझं पोट होतं.

मी म्हणालो, "उपसा."

कोणी मला तसं म्हणायला भाग पाडलं नाही. गावाने विचारलं, मी सांगितलं. पाइप धरायलाही मदत केली.

दिवसभर पंप धडधडत राहिला. पाणी गढूळ झालं, खाली गेलं, तळ लागला. सोनी पदर खोचून खाली उतरली आणि चिखलात पाय फिरवून ओरडली, "बाय, तुझा तांब्या घावला गो!" लग्नातला तांब्या, भावोजी गेले त्या वर्षी सुटून पडलेला. तिने तो वर दिला, तू पदराने पुसलास आणि दोघी हसत सुटलात. सोनी म्हणाली, "बघ, चोरला नव्हता कोनी." तू तिच्या पाठीत धपाटा घातलास. मी पाइप गुंडाळत होतो. तुम्ही दोघी त्यानंतर कधी तशा हसलेल्या मी पाहिल्या नाहीत.

नारळ फुटला. तू फोन केलास, "दत्ता, पानी कसं काचेवानी झालंय." मी म्हणालो, "छान."

मग वास परत आला, आधीपेक्षा जास्त. आता पाण्यावर रंगही दिसायला लागले, मोरपिसासारखे. लोकांनी त्यातून सरळ अर्थ काढला. मंगळूला सगळ्यांदेखत बोल लावले होते ना, त्याने सूड म्हणून पेट्रोल ओतलं. कोणी पाहिलं? कोणी नाही. पाहायची गरज कोणाला वाटली? गावातल्या पोरांनी त्याची गाडी ओढून नेली आणि ओढ्याच्या कोरड्या दगडांत लोटली. तू ओटीवर उभी होतीस. सोनी रिकामा हंडा घेऊन उभी होती. तू म्हणालीस, "सोने, उद्यापासून इथं हंडा आणू नको."

सोनी म्हणाली, "बरा."

त्या संध्याकाळी तू मला फोन केलास. आधी इकडचं तिकडचं बोललीस. मग विचारलंस, "दत्ता, मी बरोबर केलं ना रे?"

बाय, हे सगळं लिहिलं ते या एका प्रश्नापर्यंत यायला. विहीर नासली त्यात माझा हात किती, कातळाचा किती, टाकीचा किती, हे कदाचित कोणालाच सांगता येणार नाही. पण तुझ्या या प्रश्नाचं उत्तर मला पक्कं माहीत होतं. तू मला विचारलंस कारण तुझ्या जिवाला ते खात होतं. मी "नाही" म्हटलं असतं तर तू तशीच उठून, चपला न घालता, वाडीवर गेली असतीस. मी ओळखतो तुला. आणि मी म्हणालो, "सध्या तेच ठीक आहे. विहिरीच्या पाण्याचा रिपोर्ट येऊ दे."

गाडी गेली म्हणून मंगळूचा रोज गेला. रोज गेला म्हणून दिवाळीनंतर ते सगळे परत वीटभट्टीवर गेले. वाडीतल्या बाया ओढ्यात डवऱ्याचा खड्डा खणून, त्यातलं पाणी वाटीवाटीने हंड्यात भरायला लागल्या. तुझ्या घरी पाण्याचे जार यायला लागले. त्याआधी, भर पावसाळ्यात पेट्रोलपंपावर पत्रे लावून खोदकाम झालं होतं, टाकी बदलली. बाहेर सांगितलं, दुरुस्ती. किशोरने तुला सांगितलं, रंगकाम. तू म्हणालीस, "रंग जमिनीच्या खाली देतात काय?" हेही तू मला हसत सांगितलंस, पण ते हसू वेगळं होतं.

मग म्हसा गावची जत्रा. दर वर्षी पौषात तू मला तिथे बोलावायचीस, आणि दर वर्षी मी काम सांगायचो. यंदा आलो. बैलांच्या बाजारातून तू पुढे, मी मागे. घोंगडीवाल्याकडे बसून तू हाताने लोकर चोळून बघत होतीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "मंगळूनं नाय केलं ना ते?"

मी म्हणालो, "रिपोर्ट येऊ दे, बाय."

"तुझा रिपोर्ट म्हंजे हट्टी नवरदेव झाला. वऱ्हाड जेवून गेलं तरी घोड्यावर बसत नाय." घोंगडीवाला हसला. तू नाही हसलीस. दोन घोंगड्या घेतल्यास. मी विचारलं, दोन कशाला? म्हणालीस, "एकीला थंडी लागतेय."

आता जे कोणालाच माहीत नाही ते सांगतो. रिपोर्ट येणारच नव्हता. तुझ्या विहिरीचा नमुना मी कधी घेतलाच नाही. इतक्या वेळा तुझ्याकडे आलो, बर्फाची पेटी हातात, कुप्या पिशवीत, तुझ्या ओटीवर जेवलो, विहिरीवर हात धुवायला म्हणून गेलो आणि तसाच परत आलो. नमुना घेतला असता तर ते कुठेतरी नोंदलं गेलं असतं, आणि मग मला माहीत नाही असं मला स्वतःला तरी म्हणता आलं नसतं. जिल्हाभरच्या पंपांचं पाणी मोजतो मी. बहिणीच्या विहिरीचं मोजलं नाही. तू वाट बघत राहिलीस, आणि मी तुला नसलेल्या रिपोर्टच्या आशेवर ठेवलं.

वैशाखात तू गेलीस. ओटीवर बसल्या बसल्या. डॉक्टर म्हणाले हृदय. त्या पाण्याने तू गेलीस असं मी म्हणू शकत नाही, तशी ती जोड लागत नाही. हे ऐकून मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या क्षणाची लाज अजून गेलेली नाही. किशोर सांगत होता, शेवटचं पाणी त्याच्या बायकोने, वनिताने तोंडात घातलं ते जारमधलं. तू चव घेऊन ओठ मिटलेस.

इथवर लिहून ठेवलं होतं. तेरावा होऊन गेला, पुढचं आज लिहितो.

तेराव्याला जेवणं झाल्यावर मी किशोरला मागच्या अंगणात नेलं आणि सांगितलं. सगळं, वर लिहिलंय त्याच क्रमाने. त्याचं डोकं अजून तुळतुळीत होतं, त्यावरून तो हात फिरवत राहिला.

"मला म्हाईत होतं, मामा," तो म्हणाला. "टाकी बदलली तवा मीच उभा होतो तिथं. माती काढली ती वासानं भरलेली."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझं काम जाईल म्हणून."

मी त्याच्या नोकरीसाठी गप्प होतो आणि तो माझ्या. एकमेकांना सांभाळत बसलो दोघं, आणि मध्ये तू जार विकत घेत राहिलीस. मी म्हणालो, हे लिहितोय, छापायला देणार आहे, तुझ्यावर येईल. तो म्हणाला, "आईच्या नावानं लिहितोस ना? मंग लिही." आणि उठून भांडी उचलायला गेला.

निघताना वनिताने कागदात गुंडाळलेली घोंगडी हातात दिली. "आई म्हणल्या होत्या, दत्तामामा खरं काय ते सांगेल तवा सोनीला पोचवायची. तोवर माळ्यावर राहू दे."

म्हणजे तू थांबली होतीस, बाय. नदीवर नाही, माळ्यावर.

मी वाडीवर गेलो. सोनी भट्टीवरून नुकतीच आली होती, झोपडीमागे लाकडं रचत होती. मंगळू घरात नव्हता. मी उभ्यानेच सांगितलं. बोलायला लागल्यावर कळलं की हे फार थोड्या वाक्यांत मावतं. ती लाकडं रचत राहिली. मध्ये एकदा फक्त "ते तिकडं सरक, वाटेत उभा हायस" एवढं म्हणाली.

माझं संपल्यावर तिने विचारलं, "बायला सांगितला व्हतास?"

"नाही."

"मंग ती मंगळूलाच चोर समजून गेली."

मी घोंगडी पुढे केली. "ही तिने जत्रेत घेतली होती. तुझ्यासाठी."

सोनीने हात लुगड्याला पुसले. घोंगडी उलगडली नाही, नाकाजवळ नेली. बायच्या घरचा वास येतो, म्हणाली. पेट्रोलचा नाही, धुराचा आणि वालाचा. मग ती खाली बसली आणि रडली. मी तिथेच उभा राहिलो. माझ्याने ना बसवलं ना निघवलं.

रडून झाल्यावर तिने नाक शिंकरलं आणि विचारलं, "आता पानी कवा चांगला होल?"

एवढी वर्षं हे काम करतोय. या प्रश्नाला आमच्याकडे पुष्कळ उत्तरं आहेत, सगळी लांबलचक. मी म्हणालो, "मला माहीत नाही, सोने. आपल्या हयातीत होईल की नाही तेही माहीत नाही."

"मंग मोजतोस कशाला?"

तूच बसली होतीस जणू समोर, वालाचं टरफल हातात घेऊन. मी म्हणालो, "आता निदान तिची विहीर मोजतो." ती उठली आणि माझ्याबरोबर निघाली. मी तिला चल म्हणालो नव्हतो.

पाळीवर आम्ही दोघंच होतो. सोनीने त्या "बरा"नंतर पहिल्यांदाच तिथे पाय ठेवला असेल. तिने जुन्या सवयीने दोर हातात घेतला, मी नळी बांधून दिली, तिने ती खाली सोडली. उपसलं काही नाही. होतं तसंच पाणी वर घेतलं. कुपी काठोकाठ भरली, झाकण लावलं, उलटी करून उजेडात धरली. बुडबुडा नव्हता. दिसायला इतकं स्वच्छ पाणी होतं की तू असतीस तर म्हणाली असतीस, बघ, काचेवानी.

चिठ्ठी चिकटवून मी पेन काढलं. चिठ्ठीवर नमुना मागवणाऱ्याचं नाव असतं, आणि ही चिठ्ठी मी कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नव्हतो. सोनीला वाचता येत नाही. ती माझ्या खांद्यावरून बघत होती.

"कोनाचं नाव लिवतोस?"

"बायचं. बायची विहीर."

"लिव," ती म्हणाली. "मंगळूचं नको लिवू म्हंजे झाला."